क्रँकवरचा ओरखडा

वासू मिस्त्रीचं खरं नाव वासुदेव वगैरे काही नव्हतं. ते नाव त्याच्या नाकामुळे पडलं. गाडी गॅरेजच्या फाटकातून आत येता येताच तो वाकून हवा ओढायचा आणि बोनेट उघडायच्या आधी सांगायचा, "इंजिन ऑइल आहे, सायलेन्सरवर पडून जळतंय," नाहीतर, "हे इंजिनाचं नाही, गिअरचं. कुजक्या अंड्याचा वास येतोय बघ." वास घेतो म्हणून वासू. माझं बॅटऱ्यांचं दुकान त्याच्या गॅरेजला लागून आहे. मधे अर्ध्या विटेची भिंत, त्यामुळे अठरा वर्षं त्याचं सगळं मला ऐकू येतंय आणि माझं त्याला. पुढे जे घडलं त्यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलं. उरलेलं त्याने माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून सांगितलं, मान वर न करता.

तेलगळती शोधण्यात त्याचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नव्हता. तो म्हणायचा, तेल जिथे दिसतं तिथून ते कधीच गळत नसतं. गळतं वरून, ओघळतं खाली, आणि गाडी पळाली की वाऱ्याने मागे जातं. त्यामुळे अर्धवट मिस्त्री खालचं पॅकिंग बदलून मोकळे होतात आणि गाडी आठवड्याने परत येते. वासू आधी इंजिन डिझेलने धुवायचा, कोरडं करायचा, मग त्यावर तोंडाला लावायची पावडर मारून इंजिन चालू ठेवायचा. पांढऱ्या पावडरवर जिथे सगळ्यात वर काळा ठिपका उमटेल, ती जागा. पावडरचा डबा बायकोचा असायचा.

"माझ्या तोंडाला नाही मिळत एवढी पावडर," वहिनी म्हणायच्या, "इंजिनाचं लग्न ठरलंय का?"

वहिनी गॅरेजच्या मागच्या खोलीत गाड्यांची सीट कव्हरं शिवायच्या. जाड रेक्झिन शिवून शिवून त्यांची बोटं एखाद्या सुताराच्या बोटांसारखी झाली होती.

वासूला हे काम शिकवलं त्याच्या थोरल्या भावाने. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणायचो. वडील लवकर गेले, तेव्हा दादा एकवीस वर्षांचा आणि वासू नऊचा. दादाने त्याला कान धरून शिकवलं, आणि कान धरून म्हणजे खरोखर कान धरून. दोन वर्षांपूर्वी दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. मशीन असलेला दवाखाना घाटापलीकडच्या शहरात, जाऊन येऊन एकशे बारा किलोमीटर. तिथे त्याला आणि आणखी चार पेशंटना नेण्या-आणण्याचं काम मावशी करायची.

मावशी म्हणजे पंचावन्न वर्षांची, रुंद मनगटाची बाई, स्वतःची व्हॅन स्वतः चालवणारी. नवरा गेल्यावर तिने त्याचीच गाडी हातात घेतली. पेशंटमध्ये एक निवृत्त मास्तर होते, एक आजी, बँकेत काम करणारी एक तरुण मुलगी, एक अबोल शिंपी, आणि पाचवा आपला दादा. मावशी गमतीने म्हणायची, "माझ्या गाडीत सहा माणसं आणि दोनच किडन्या. त्यासुद्धा माझ्या."

आता वासूच्या हाताबद्दल सांगायला हवं.

साधारण वर्षापूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. रिकामा असताना काही नाही. बारीक काम करायला घेतलं, की बोटांत कुणीतरी सूक्ष्म मोटर बसवल्यासारखी थरथर. त्याने ती लपवली. दाढी करताना ब्लेड लागायला लागलं तेव्हा दाढी वाढवली, आणि आम्ही "मिस्त्री, साधू होताय का?" म्हणून खिदळलो. चहाचा कप अर्धाच भरायला सांगायला लागला, तर आम्हाला वाटलं, साखर वाढली असेल. तालुक्याच्या डॉक्टरला एकटाच जाऊन दाखवून आला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हे वाढत जाणार. औषधाने थोडं दबेल. वासूने औषध घेतलं, चिठ्ठी फाडली आणि घरी कुणाला बोलला नाही. मिस्त्रीचा हात गेला म्हणजे मिस्त्रीच गेला, असं त्याचं गणित.

एका शनिवारी मावशी व्हॅन घेऊन आली. टायमिंग बेल्ट बदलायची वेळ झाली होती. वासूने पुढचं कव्हर उघडलं आणि नाकाने आधी आणि डोळ्यांनी मग त्याला कळलं की आत तेल आहे. तो मला हाक मारून दाखवायचा असलं काही. इंजिनाच्या दोन अवयवांची, वरच्या कॅमशाफ्टची आणि खालच्या क्रँकची, वेळ एकमेकांशी जुळवून ठेवणारा हा दात्यांचा रबरी पट्टा. तो तेलात भिजला की रबर फुगतं, दाते सैल होतात, आणि एखाद्या दिवशी दाते सोलून निघतात. मग वरचे व्हॉल्व्ह आणि खालचे पिस्टन एकमेकांवर आदळतात. गाडी जिथे असेल तिथे मरते.

"वर कॅमशाफ्टचं सील रडतंय," तो म्हणाला, "आणि खाली क्रँकचंही ओलं आहे. बेल्ट काढलाच आहे तर दोन्ही बदलून टाकतो. परत उघडायला नको."

निर्णय बरोबर होता. कुठलाही चांगला मिस्त्री हेच करेल. वरचं सील, दांड्याभोवती तेल अडवून धरणारी रबरी कडी, सुखरूप निघालं. खालचं काढायला त्याने पातळ टोकाचा स्क्रू ड्रायव्हर सीलच्या ओठात घातला, कडेला रेटला, आणि हात उडाला. टक्. मग किर्र. लोखंडावर लोखंड घासल्याचा तो बारीक आवाज भिंतीपलीकडे मलाही आला होता, पण गॅरेजमध्ये असले आवाज दिवसाला शंभर होतात.

क्रँकचं टोक आरशासारखं गुळगुळीत असतं, कारण सीलचा रबरी ओठ त्याच्यावर घासत फिरतो. तिथे ओरखडा पडला की नवं सील बसवून उपयोग नाही. तेल त्या चरीतून बाहेर येत राहतं. बघायची रीत साधी आहे: नख फिरवायचं. नख अडकलं तर ओरखडा.

वासूने नख फिरवलं नाही.

"का नाही फिरवलंस?" मी नंतर विचारलं.

"अडकलं असतं म्हणून," तो म्हणाला.

फडक्याने पुसून त्याने नवं सील बसवलं, खुणा जुळवल्या, नवा बेल्ट चढवला, गाडी दिली.

अकराव्या दिवशी, बुधवारी, मावशी डायलिसिसहून परतताना गॅरेजसमोर थांबली. "वासू, खाली रुपयाएवढा डाग पडतोय रे." दादा खिडकीशी बसला होता. डायलिसिसच्या दिवशी तो राखेच्या रंगाचा दिसायचा.

"कुठून गळतंय?" दादाने आतूनच विचारलं.

"वरून असेल. टॅपेट कव्हरचं पॅकिंग."

"बघून सांग. असेल-बिसेल नको."

गुरुवारी वासूने सगळं उघडलं. बेल्ट ओला होता. त्याने वरच्या कव्हरचं पॅकिंग बदललं, कॅमचं सील पुन्हा बदललं, बेल्टही नवा घातला. सोमवारी पुन्हा डाग. मंगळवारी त्याला इंजिनाचा ब्रीदर पाइप तुंबलेला सापडला, आणि तो इतका आनंदला की भिंतीवरून उडी मारायचा तेवढा बाकी होता. "सापडलं!" तो ओरडला. "पाइप तुंबला की आत हवेचा दाब वाढतो. दाब तेलाला बाहेर ढकलतो. सीलचा दोषच नाही!" त्याने पाइप चकाचक केला. असं होतं, हे खरं आहे. तुंबलेल्या पाइपने चांगली सीलं गळतात. पण मला त्या आनंदात काहीतरी विचित्र वाटलं. न केलेल्या गुन्ह्यातून सुटलेला माणूस इतका हसत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी व्हॅनखाली पुन्हा तेल.

शनिवारी मी दुकान उघडलं तेव्हा तो इंजिनासमोर उकिडवा बसला होता. इंजिन धुतलेलं, कोरडं, पावडरने पांढरं. दहा मिनिटं चालवून त्याने बंद केलं. वरची पावडर पांढरीशुभ्र. मधली पांढरीशुभ्र. खाली, क्रँकच्या टोकाभोवती मात्र काळं कडं, आणि त्यातून खाली सुटलेली एक रेघ. त्याच्याच नियमाप्रमाणे सगळ्यात वरचा ठिपका तोच होता. त्याच्या वर दुसरं काही उरलंच नव्हतं.

त्याने सील काढलं. या वेळी नख फिरवलं. नख अडकलं.

काय करायला हवं होतं, ते त्याला माहीत होतं. गाडी उभी करायची, मावशीला आणि दादाला खरं सांगायचं, दुसऱ्या हाताकडून काम करून घ्यायचं. त्याऐवजी त्याने दार ओढून घेतलं. थरथरत्या हाताने पॉलिश पेपर फिरवला, नवं सील ठोकलं. सील सरळ सपाट बसावं लागतं. ते एका बाजूने केसभर तिरकं गेलं. त्याला ते दिसलं. काढून पुन्हा बसवायला दुसरं सील हाताशी नव्हतं. नवा बेल्टही नव्हता. दुकानदार म्हणाला होता, बुधवारी येईल. वासूने तेल प्यालेला तोच बेल्ट साबणाने धुतला, पुसला आणि चढवला. तेलात भिजलेला बेल्ट पुन्हा वापरायचा नसतो, हे त्याने आयुष्यभर दुसऱ्यांना ओरडून सांगितलं होतं.

त्या दोन दिवसांत तो जेवला नाही. वहिनींनी विचारलं, तर अंगावर ओरडला. वहिनी माझ्या दुकानात येऊन म्हणाल्या, "भाऊजी, यांना काय झालंय? परवा आंघोळीच्या पाण्यात हात बुडवून नुसते बघत बसले होते."

सोमवारी गाडी गेली आणि आली. बुधवारी सकाळी मावशी हवा भरायला आमच्या ओळीत आली. पाचही पेशंट आत बसलेले. वासू गॅरेजमधून जवळजवळ धावत बाहेर आला.

"मावशी, आजच्या दिवस दुसरी गाडी बघता का?"

"का रे?"

"तसं काही नाही. बेल्ट जरा..."

"जरा म्हणजे काय? आठ वाजताचं मशीन चुकलं तर दुपारपर्यंत कुणी विचारणार नाही यांना. आता दुसरी गाडी कुठून आणू? मला एका शब्दात सांग. चालेल की नाही?"

वासूने गाडीत बघितलं. दादा त्याच्याकडेच बघत होता. मास्तर घड्याळ बघत होते.

"चालेल," वासू म्हणाला.

व्हॅन गेली. तो फाटकातच उभा राहिला. नंतर माझ्या दुकानात येऊन बसला, फोन समोर काउंटरवर ठेवून. आठला म्हणाला, पोचले असतील. नऊला म्हणाला, मशीनला लावलं असेल. मी बॅटरीत पाणी भरत होतो. त्याच्या पायाच्या ठोक्याने स्टूल हलत होतं, आणि मी तीनदा सांगूनही ते थांबलं नाही.

अडीचला फोन वाजला. त्याचा हात एवढा कापत होता की फोन मी उचलला.

मावशी बोलत होती, पण आवाज तिचा वाटत नव्हता. "घाटात आहे. चढावर. गाडी मेली. मागे सरायला लागली होती. सगळे आहेत. दादा शुद्धीवर नाहीत."

माझ्या टेम्पोतून आम्ही निघालो. चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात वासू एकच वाक्य बोलत होता, "मी चालेल म्हणालो. मी चालेल म्हणालो." मी त्याला गप्प बस म्हणालो नाही, कारण काय सांगून गप्प करणार?

तिसऱ्या वळणावर व्हॅन दिसली. मागचं डावं चाक डोंगराच्या बाजूच्या नालीत, पुढचं तोंड आभाळाकडे. इंजिन बंद पडताच ब्रेक दगडासारखा झाला आणि पाच माणसांनी भरलेली गाडी उतारावर मागे सरकायला लागली. उजवीकडे दरी. मावशीने हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला आणि स्टिअरिंगवर अंग टाकून ते फिरवलं. चाक नालीत उतरलं म्हणून गाडी थांबली. तिच्या मनगटाला सूज आली होती. आजी, शिंपी, बँकेतली मुलगी आणि मास्तर खडकाच्या सावलीत ओळीने बसले होते. डायलिसिसनंतर अंगात त्राण नसतं. त्यांच्यातलं कुणी रडतही नव्हतं. दादा एका चादरीवर आडवा होता आणि मावशी पुठ्ठ्याने त्याला वारा घालत होती. रक्तदाब पार खाली गेला होता. तेवढ्यात खालून अँब्युलन्स आली आणि दादाला परत त्याच दवाखान्यात घेऊन गेली.

बाकीच्यांना टेम्पोत बसवताना मी बघितलं, वासू बोनेट उघडून उभा होता. वरचं कव्हर त्याने सोडवलं होतं. बेल्ट जागेवर होता, पण हातभर लांबीत त्याला एकही दाता नव्हता. जुन्या कंगव्यासारखा. कव्हरच्या तळाशी काळ्या रबराचा चुरा तेलात भिजून बसला होता.

मावशीने वाकून बघितलं. "हे काय?"

"तेल," वासू म्हणाला. "माझ्यामुळे."

त्याने तिथेच सगळं सांगितलं. हात, स्क्रू ड्रायव्हर, ओरखडा, तिरकं सील, धुतलेला बेल्ट. मावशीने ऐकून घेतलं. मारेल असं मला वाटलं. तिने मारलं नाही. ती टेम्पोत जाऊन बसली.

गुरुवारी वासू दवाखान्यात गेला. मी बरोबर होतो. दादा उशीला टेकून बसला होता, नाकात नळी. वासूने खाटेचा कठडा धरला आणि सांगितलं. सांगताना कठडा वाजत होता.

दादाने नाकातली नळी सरळ केली. मग म्हणाला, "हात थरथरतो, ते मला ठाऊक होतं."

"तुला?"

"दाढी वाढवलीस तेव्हाच. बाबांचा हात विसरलास? तू लहान होतास. मी बघितलंय. डाळीचा चमचा तोंडापर्यंत जायचा नाही त्यांचा."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. भाऊ आहे, आज सांगेल, उद्या सांगेल." दादाचा श्वास लागला. "हात जातो, अरे. कुणाचाही जातो. माझ्या तर आतलं सगळं गेलंय. पण मी तुला विचारलं होतं, कुठून गळतंय? तू म्हणालास, वरून. मी शिकवलेलं तू मलाच खोटं सांगितलंस. आणि माझ्याबरोबर चार जण होते."

"दादा..."

"जा आता. मला बोलवत नाही."

बाहेर पॅसेजमध्ये वासू भिंतीला टेकून बसला. मी पाणी आणून दिलं तर त्याने ग्लास दोन्ही हातांत धरला, आणि तरी निम्मं पाणी शर्टावर सांडलं. त्याने ते लपवलं नाही. वर्षभरात पहिल्यांदा.

शुक्रवार आला. दादा दवाखान्यातच होता, पण बाकी चौघांना मशीन हवंच होतं. मी टेम्पोत गाद्या टाकल्या. मावशीचा हात बांधलेला, ती माझ्या शेजारी बसली. वासू मागे पेशंटबरोबर चढला. मी म्हटलं, "तू कशाला?" म्हणाला, "त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही."

गाव सुटल्यावर त्याने सांगितलं. मागच्या काचेतून मला ऐकू येत होतं.

मग मास्तर म्हणाले, "गाडी थांबवा. मला उतरायचंय. या माणसाबरोबर मी बसणार नाही."

मी गाडी कडेला घेतली. मास्तर उठले, फळीला धरून उभे राहिले. बाहेर सगळा माळ. ना घर, ना झाड.

"मास्तर," आजी म्हणाली, "उतरून जाल कुठे? रक्त काय रस्त्यावर गाळून घेणार?"

मास्तर उभेच होते. मग वासूच उतरला. "तुम्ही बसा. मी येतो मागून." आणि आम्ही निघालो. आरशात तो रस्त्याच्या कडेने चालताना दिसत होता. परतताना तो आम्हाला चौदा किलोमीटर पुढे सापडला, त्याच रस्त्यावर. थांबवलं तर म्हणाला, तुम्ही व्हा पुढे. मास्तरांनी तोंड फिरवलं. आजीने मात्र फळीवर हात आपटला, "ये रे बाबा, बस. मला घरी जायचंय, तुझी नाटकं नकोत." तो येऊन कोपऱ्यात बसला.

घाटातून ओढून गॅरेजमध्ये आणलेली व्हॅन दुरुस्त व्हायलाच हवी होती. माझा टेम्पो रोज देणं मला शक्य नव्हतं. शनिवारी मावशी गॅरेजमध्ये आली.

"इंजिन इथेच उघडायचं," ती म्हणाली. "तुझ्याइतकं हे इंजिन कुणाला माहीत नाही. पण ऐक. डोकं लाव, हात नको. तुझा हात माझ्या गाडीला लागलेला मला दिसता कामा नये."

"मग कुणाचा लागणार?"

मागच्या खोलीतलं शिलाई मशीन थांबलं होतं. वहिनी दारात उभ्या होत्या. गळ्यात टेप.

"मी करते," त्या म्हणाल्या. "सांगाल तसं करेन. पण ओरडायचं नाही."

हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, मी आणि वहिनींनी मिळून उतरवला. तीन व्हॉल्व्ह वाकले होते. लेथवाल्याने ते दिवसभरात बदलून, बसवून दिले. त्याच दिवशी दादाला सोडलं. रविवारी सकाळी तो येऊन गॅरेजमध्ये खुर्चीवर बसला. डाव्या हाताला डायलिसिसच्या सुयांच्या पट्ट्या, त्या हाताने काही उचलायचं नाही. तो वासूशी एक शब्द बोलला नाही. जे सांगायचं ते वहिनींना सांगायचा, आणि वासू काही बोलला तर तेही वहिनींकडे बघून ऐकायचा.

"ओरखडा किती आत गेलाय?" दादाने वहिनींना विचारलं.

वहिनींनी नख फिरवलं. "बाहेरच्या कडेपासून साधारण अर्ध्या बोटाच्या जाडीएवढा. पुढे गुळगुळीत आहे."

दादाने डोळे मिटले. "मग सील नेहमीच्या जागेपेक्षा दीड-दोन मिलिमीटर आत बसवायचं. ओठ ओरखड्याच्या पलीकडे जाईल. जागा आहे का मागे, ते त्याला विचार."

"जागा आहे," वासू म्हणाला. त्याला हे सुचायला हवं होतं. तो शनिवारी दार लावून बसला नसता, तर सुचलंही असतं.

वहिनींनी आधी बारीक पॉलिश पेपर तेलात बुडवून क्रँकभोवती गोल फिरवला. "आडवा नाही, गोल," वासू म्हणाला. मग सीलच्या ओठाला तेल लावलं, सील हाताने जागेवर ठेवलं आणि त्याच मापाचा पाइपचा तुकडा त्यावर धरून हातोडीने हलके हलके ठोके दिले. एक इकडे, एक समोर. प्रत्येक चार ठोक्यांनंतर थांबून पट्टीने खोली मोजायच्या. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. एकदा खालच्या बाजूला अर्धा मिलिमीटर जास्त गेलं.

"घाई नको," वासू म्हणाला. त्याचे दोन्ही हात काखेत होते. "वरून दोन ठोके. हलके. कव्हराला टाके घालतेस तसे सारखे."

"टाके मी तुमच्यापेक्षा चांगले घालते," वहिनी म्हणाल्या. मावशीला हसू आलं. त्या चार दिवसांत ऐकलेलं ते पहिलं हसू.

दुपारी नवा बेल्ट चढला. खुणा वासूने तीनदा बघितल्या, मग दादाने उठून बघितल्या. इंजिन एक तास चालवलं. वहिनींनी स्वतःच पावडरचा डबा आणून रिकामा केला होता. तासानंतर दिवा लावून खाली वाकून बघितलं. पांढरं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दादा एवढंच म्हणाला, "उद्या चढावर कळेल."

सोमवारी व्हॅन पेशंटना घेऊन निघाली. मास्तर आधी पुढे येऊन वाकून गाडीखाली बघून मग बसले. वासूने मला हात जोडले, म्हणून मी टेम्पो काढला, आणि एकशे बारा किलोमीटर आम्ही व्हॅनच्या मागे मागे होतो. घाटात तो खिडकीतून अर्धा बाहेर, नाक वाऱ्यात. तिसरं वळण आलं तेव्हा त्याने डॅशबोर्ड धरला. व्हॅन वर चढली. आम्ही पण चढलो.

घरी पोचल्यावर दादा व्हॅनमधून उतरला आणि वासूकडे न बघता मावशीला म्हणाला, "मीटरवर हजार झाले की बोलू."

हजार व्हायला तीन आठवडे लागले. नऊ फेऱ्या. वासू प्रत्येक फेरीनंतर व्हॅनखाली आडवा व्हायचा, आणि शेजारून वहिनी दिवा धरायच्या. त्या तीन आठवड्यांत त्याने गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पाना उचलण्याआधी सांगितलं, "माझा हात थरथरतो. मी बघेन, सांगेन. बसवणार बायको." काहींनी गाडी तशीच वळवून नेली. दोघं बाहेर उभे राहून हसले. वर्षभरापूर्वी रांग असायची, तिथे आता दिवसाला एक गाडी, कधी तीही नाही. मास्तर त्याच्याशी अजूनही बोलत नाहीत, आणि बोलावं असं मी त्यांना सांगितलेलं नाही.

हजारावा किलोमीटर झाला त्या शुक्रवारी दादा परतताना गॅरेजसमोर उतरला. उन्हात क्षणभर उभा राहिला. वासू व्हॅनखालून सरपटत बाहेर आला, पाठीला माती.

"कोरडं?" दादाने विचारलं. थेट त्यालाच.

"कोरडं."

"ब्रीदर पाइप पुढच्या महिन्यात परत साफ करायला सांग बायकोला," दादा म्हणाला, आणि वासूच्या खांद्याला धरून घराकडे चालायला लागला, कारण डायलिसिसनंतर त्याला एकट्याने तेवढं अंतर जमत नसे.